चोवीस कांड्या

झाड म्हणजे सुरूची एक फांदी.
पण घरात तिला फांदी म्हणायचं नाही.
रेसिडेन्सीतल्या एका बंगल्याचा माळी
बावीस डिसेंबरला सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणतो,
चहा घेतो, एक जुना स्वेटर नेतो, आणि वर पन्नास रुपये.
पप्पांच्या वेळी पाच होते. स्वेटर तेव्हाही होता.

डालडाच्या डब्यात विटांचे तुकडे, माती,
बाहेरून राणीपुऱ्यातला लाल क्रेप.
फांदी डावीकडे कलते. दरवर्षी.
कोणीतरी म्हणायचं, कललंय,
आणि आई पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघरातून सांगायची,
तूच तिरपा बघून राहिलायस.

मग बुटांचं खोकं उघडायचं.

पप्पा मिलमध्ये, कताई खात्यात.
तडा गेलेल्या कांड्या भंगारात जायच्या,
त्यातल्या चोवीस एका हिवाळ्यात
जेवणाच्या रिकाम्या डब्यातून दोन-दोन करून घरी आल्या.
आईने काही विचारलं नाही.
रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या,
उन्हात सुपात वाळवल्या, शेवया वाळवाव्यात तशा.
नथानेलने लाल रंगवल्या, शेजारच्या स्कूटरचा उरलेला रंग,
मी चंदेरी.
मशीनच्या तेलाचा वास काही गेला नाही.
अजून, नाताळ म्हटलं की मला तो वास येतो
आणि मग केकचा.

मिल बंद पडली त्या वर्षी
छावणीतल्या बेकरीत आम्ही मैदा-अंडी घेऊन गेलोच नाही.
भोंगा वाजत नव्हता, तरी पप्पा पाचला उठत,
उठून काय करायचं ते न कळून
अंगण झाडत.
चोवीस तारखेला स्टुलावर चढले
आणि एकेक कांडी टांगण्याआधी
बोटांत गर्रकन फिरवून बघितली,
सूत यायचंय अजून, असं.

आईला पुरून आलो त्याच्या पंधराव्या दिवशी
नथानेलने अंथरुणाच्या चादरीवर दोन ढीग केले.
हंडा त्याला. शिलाई मशीन मला.
पवित्र शास्त्र मला, कारण त्याच्याकडे होतं.
शेवटी खोकं.
मी म्हटलं, ने सगळ्या.
त्याने मोजल्या. मोठ्याने मोजल्या.
बारा तुला, बारा मला,
लाल कुठे, चंदेरी कुठे, तेही बघितलं नाही.

त्यानंतर सात नाताळ.
एकच चर्च, तो उजव्या बाकांवर, मी डाव्या,
गाणी तीच, आणि त्याचा खर्जातला आवाज
मला सगळ्यांतून वेगळा ऐकू येतो, हीच पंचाईत.
माझं झाड बारा कांड्यांत नीट भरत नाही.
मी पुढच्या बाजूला टांगते.
भिंतीकडची बाजू कोण बघतं.

आज दुपारी हन्ना आली. विजयनगरहून, स्कूटीवर,
नाक थंडीने लाल, पाठीवर कॉलेजची बॅग.
म्हणाली, आत्या, आमचं झाड प्लॅस्टिकचं आहे ना,
कांड्या जड होतात, फांद्या वाकतात,
पप्पा म्हणाले तुझ्याकडे असू देत.
प्लॅस्टिकचं झाड त्यांच्याकडे पाच वर्षांपासून आहे.
मी काही बोलले नाही. पोहे टाकले,
सेव जरा जास्तच घातली.

जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या. अकरा.
बारावी? म्हटलं.
ती टेबलावर असते त्यांच्या, हन्ना म्हणाली,
फोनवर बोलताना फिरवत बसतात.
तिने बोटांनी करून दाखवलं.
मी बशी उचलून उगाच आत गेले.

भिंतीकडची बाजू तिने भरली.
लांब जाऊन उभी राहिली, मान वाकडी करून.
कललंय, म्हणाली.
तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.
मग कोणी.

जाताना स्टीलच्या डब्यात करंज्या भरल्या,
झाकण बसेना इतक्या.
ती म्हणाली, बस ना आत्या, किती झाल्या?
मी मोजल्या नाहीत.